दुभाषा विहिरीत

मला पोहता येत नाही हे माझ्या सासुरवाडीला लग्नानंतर आठ वर्षांनी कळलं, आणि तेही मी विहिरीत असताना.

गोष्ट बहात्तरचा दुष्काळ पडायच्या आधीच्या एका हिवाळ्यातली. म्हणजे विहिरींना भरपूर पाणी होतं. (नसतं तर ही गोष्ट फार लवकर संपली असती!) देवळाली प्रवरेच्या बाजूला एका साखर कारखान्यात मी कारकून होतो. कारखान्यात हॉलंडहून नवी यंत्रं आली, ती बसवायला हेन्क नावाचे इंजिनिअर आले, आणि त्यांच्याबरोबर त्यांची बायको आनेका आली. दोघांना आमच्या शेजारचंच क्वार्टर मिळालं. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेला, म्हणून वरिष्ठांनी मला बोलावून सांगितलं, "आजपासून तुम्ही यांचे दुभाषे." त्या संध्याकाळी मी दोन इंच उंच होऊन घरी आलो.

'आनेका' हे नाव कॉलनीच्या तोंडी दोन दिवसही टिकलं नाही. त्याचं आधी 'आनेक्का' झालं आणि मग नुसतंच 'अक्का'. या अक्का सकाळी सायकलवर टांग टाकून बाजाराला जात आणि हँडलला मेथीच्या जुड्या लटकवून परत येत. पहिल्या आठवड्यात लोक दारात उभे राहून बघत. दुसऱ्या आठवड्यात तेच लोक "अक्का, येताना आमचीबी कोथमीर आना" म्हणायला लागले. दुपारी त्या आमच्या पायरीवर बसून माझ्या बायकोकडून, म्हणजे कुसुमकडून, भाकरी थापायला आणि मराठी बोलायला शिकत. भाकरी त्यांना महिन्याभरात जमली. मराठी मात्र कुसुम आमच्या दोन मुलांशी जेवढं बोलायची तेवढंच आलं: 'गप बस', 'हालू नको', 'सोड म्हणते ना', 'खा मुकाट्यानं'. पण ही चार वाक्यं त्या अशा ठसक्यात म्हणत की आमची मुलं त्यांच्या घरीसुद्धा मुकाट्यानं जेवत.

सुट्टीच्या दिवशी आमची अख्खी कॉलनी झोपायची. हे दोघं त्या दिवशी जास्तच जागे व्हायचे! नकाशा, पाण्याची पिशवी, कॅमेरा आणि मी, एवढं सामान जीपमध्ये टाकून निघायचे. एकदा काष्टीच्या बाजारात हेन्कसाहेबांनी एका म्हशीचे इतके फोटो काढले की तिचा मालक वैतागून म्हणाला, "सायेबाला इचारा, म्हस घ्यायचीय का सोयरीक करायचीय?"

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी भाषांतर केलं, "तो म्हणतो, तुमचा कॅमेरा फार सुंदर आहे."

असं माझं दुभाषेपण सुरळीत चाललेलं होतं.

एके संध्याकाळी ओट्यावर गप्पा मारताना हेन्कसाहेबांनी सहज विचारलं, "तुम्हाला पोहता येतं का?" त्यांच्या देशात म्हणे जिकडं तिकडं पाणी आणि प्रत्येकाला पोहायला येतंच. आता मला खरं म्हणजे बादलीतल्या पाण्याचीही जरा धाकधूकच वाटते. पण 'नाही' म्हणवेना. देशाचा प्रश्न होता! मी म्हणालो, "ऑफ कोर्स!" आणि एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी पुढं, लहानपणी गोदावरीचा पूर कसा पोहून पार केला, तेही सांगितलं. एका हातात दप्तर धरून! कुसुम शेजारीच शेंगा सोलत होती. तिला इंग्रजी येत नसल्यामुळं पूर निर्विघ्न पार पडला.

तर त्या जानेवारीत कुसुम म्हणाली, "अक्कांना हुरडा खायला माहेरी नेऊ या." माझी सासुरवाडी शेवगावच्या पुढं, चांगली ज्वारीची शेती. मुलांना वाटेत नगरला माझ्या आईकडं सोडलं आणि आम्ही चौघं दहाच्या सुमाराला वस्तीवर पोचलो. सासरे, सासूबाई आणि मेहुणा नामदेव वाटच बघत होते. सासूबाईंनी अक्कांना कुंकू लावलं, तोंडावरून हात फिरवला आणि मला म्हणाल्या, "किती उन्हातान्हाची फिरती ओ ही! आईबाप कुटं आसतील हिचे!" मी भाषांतर केलं. अक्कांनी सासूबाईंचा हात धरला तो बराच वेळ सोडलाच नाही.

चिंचेखाली आगटी पेटवलेली होती. नामदेव गोवऱ्यांच्या आरात कणसं भाजत होता आणि सासरे ती गरमागरम चोळून दाणे काढत होते. अक्कांनी पदर नसल्यामुळं स्कर्टालाच हात पुसले, खाली मांडी घातली आणि त्याही कणसं चोळायला लागल्या. तळहात लाल झाले, पण बाईंनी हूं की चूं केलं नाही. सासरे म्हणाले, "हात बगा कसा कामाचा हाय!" आणि मग त्यांनी माझ्या हाताकडं बघितलं. मी हात खिशात घातला.

आता या ठिकाणी काहीतरी करून दाखवणं मला भाग होतं. हेन्कसाहेब फोटो काढत होते. मला वाटलं, जरा धूर असेल तर चित्र छान येईल. शेजारी ओल्या पाल्याचा ढीग होता, तो मी उचलला.

नामदेव ओरडला, "दाजी, वल्लं टाकू नका! वर मव्हाळ हाय!"

मी नगर शहरात वाढलेला. मला ऐकू आलं 'मवाळ'. मी मान डोलावली.

"काय म्हणतात ते?" हेन्कसाहेबांनी विचारलं.

"म्हणतात, वरची हवा फार मवाळ आहे," मी इंग्रजीत सांगितलं आणि सगळा ढीग आगटीत टाकला.

धुराचा असा लोट उठला की काय सांगू! फोटो खरंच छान आला असता. पण त्या लोटानं वर जाऊन चिंचेच्या फांदीला लटकलेल्या परातीएवढ्या मव्हाळाचं, म्हणजे मधमाश्यांच्या पोळ्याचं, दार ठोठावलं. एक क्षण शांतता. मग वरून असा आवाज यायला लागला की मला वाटलं कारखानाच सुरू झाला.

"मव्हाळ उठलं!" सासरे गरजले. "पळू नका! घोंगडी घ्या आन् बसा खाली!"

यातलं 'पळू नका' मला स्पष्ट ऐकू आलं. मी पळालो.

नामदेव दावणीला बांधलेले बैल सोडायला धावला, कारण बांधलेल्या जनावराला माश्या जिवंत सोडत नाहीत. सासरे-सासूबाई एका घोंगडीखाली गेले. हेन्कसाहेबांनी जीपमधलं ब्लँकेट ओढून कुसुमवर आणि अक्कांवर टाकलं आणि स्वतः नुसती टोपी घालून बाहेर बसले. (माणूस बघा!) आणि इकडं मी, घरचा जावई, सगळ्यांना सोडून ढेकळांतून उड्या मारत चाललो होतो. मानेवर एक डंख बसला, कानाला दुसरा. समोर विहीर दिसली. माश्या पाठीमागं लागल्या तर पाण्यात उडी मारावी, असं मी कुठंतरी वाचलेलं होतं.

मी उडी मारली.

हवेत असताना मला आठवलं की आपल्याला पोहता येत नाही.

पण तेव्हा परतायला फार उशीर झालेला होता!

वर काय झालं ते मला नंतर कळलं. त्या वेळी मी दुसरीकडं गुंतलो होतो. धप्प आवाज आला तशी कुसुम ब्लँकेटमधून ओरडली, "अगं बाई! त्यांना पोहता येत न्हाई!"

हेन्कसाहेब तिला धीर देत इंग्रजीत म्हणाले, "काळजी करू नका. हुशारीच केली त्यांनी. ते उत्तम पोहतात."

"बुडतील ओ ते!"

"पूर पार केलाय त्यांनी. दप्तर घेऊन!"

"आवो, कुनीतरी सांगा यांना!" कुसुम रडायला लागली. पण सांगणार कोण? दोन्ही भाषा येणारा माणूस गावात एकच होता, आणि तो त्या वेळी तिसऱ्यांदा तळाशी जाऊन येत होता.

अक्कांनी काही विचारलं नाही. त्यांनी कुसुमच्या तोंडाकडं फक्त बघितलं. जे मला बी.ए. होऊन सांगता आलं नाही ते त्या बाईला नुसतं बघून कळलं! ब्लँकेट फेकून, घोंघावणाऱ्या माश्यांतून त्या सरळ धावत आल्या, काठावर बूट काढले आणि पंधरा हात खाली सूर मारला.

मला एवढंच आठवतं की डोळ्यांपुढं हिरवट अंधार होता आणि कुणीतरी माझी कॉलर धरली. मी लगेच त्या कुणातरीच्या डोक्यावर चढायला लागलो. अक्का खाली गेल्या. वर आल्या. मी पुन्हा चढलो. तेव्हा त्यांनी माझ्या थोबाडात एक अशी ठेवून दिली की विहिरीतले पारवे उडाले, आणि अस्सल शेवगावी ठसक्यात ओरडल्या, "गप बस! हालू नको! सोड म्हणते ना!"

मी गप बसलो. हाललो नाही. सोडलं. आठ वर्षांच्या संसाराची सवय, दुसरं काय!

अक्कांनी मला पाठीवर उताणा ओढत पलीकडच्या पायऱ्यांपर्यंत नेलं. पण वर माश्या अजून फिरत होत्या, म्हणून आम्ही दोघं कमरेइतक्या पाण्यात पायरीवर बसून राहिलो. बराच वेळ मी नुसतं पाणी ओकत होतो. मग अक्कांनी शांतपणे इंग्रजीत विचारलं, "आणि तो पूर?"

मी म्हणालो, "लहान होता."

त्या एवढ्या हसल्या, एवढ्या हसल्या, की विहीर घुमायला लागली. हसू ओसरल्यावर त्यांनी केसांतलं पाणी पिळलं. त्या म्हणाल्या, "मलाही भीती वाटली. खाली काहीच दिसत नव्हतं. आमच्याकडं मुलांना कपड्यांसकट पोहायला लावतात. मी लहानपणी फार कुरकुर करायचे."

माश्या निवळल्यावर नामदेव पायऱ्या उतरून आला आणि आम्हाला वर घेऊन गेला. कुसुमनं मला मिठी मारायच्या ऐवजी अक्कांना मारली. (ते बरोबरच होतं.) सासूबाईंनी अक्कांना आपलं लुगडं नेसवलं, मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली, ओटी भरली. हेन्कसाहेबांचा एक डोळा पार मिटला होता आणि ओठ वांग्याएवढा झाला होता. तशा तोंडानं ते मला म्हणाले, "हवा मवाळ होती, नाही का?"

मग सासरे अक्कांपुढं येऊन उभे राहिले. फेटा सारखा केला. मला म्हणाले, "जावईबापू, सांगा बाईस्नी. म्हनावं, आमच्या लेकीचं कुकू तुमी राखलं. हितून पुढं ह्ये तुमचं म्हायेर हाय."

मी सांगितलं. शब्दन् शब्द सांगितला.

"आन् ह्येबी सांगा," सासरे पुढं म्हणाले, "जावई आमचा बी.ए. हाय, पर त्याला मव्हाळ समजत न्हाई, पळू नका म्हटलेलं समजत न्हाई, आन् आपल्याला पवता येत न्हाई ह्येबी टायमावर समजत न्हाई."

कुसुम माझ्याशेजारी उभी होती. म्हणाली, "नीट सांगा हं. मी अक्कांच्या तोंडाकडं बघतेय."

मी नीट सांगितलं. माझ्या दुभाषेपणातलं ते सर्वांत अचूक भाषांतर! अक्का हसल्या तशी कुसुमनं मान डोलावून पसंती दिली. आणि मग आम्ही उरलेला हुरडा खाल्ला. हेन्कसाहेब ओठांच्या कोपऱ्यातून एकेक दाणा आत सारत होते आणि दर दाण्याला "लई भारी" म्हणत होते.

प्रकरण इथंच मिटलं नाही. पुढच्या रविवारपासून अक्कांनी मला कॉलनीमागच्या कालव्यात पोहायला शिकवायचं ठरवलं. ही बातमी पार शेवगावपर्यंत गेली. सासरे एक भला मोठा वाळका भोपळा मांडीवर घेऊन एस.टी.नं आले आणि मी बुडू नये म्हणून तो त्यांनी स्वतःच्या हातानं माझ्या पाठीला बांधला. काठावर अर्धा कारखाना जमला होता. कुसुम म्हणाली, "मीबी बघते उतरून," आणि काष्टा घालून अक्कांच्या मागोमाग पाण्यात शिरली. चौथ्या रविवारी ती कालवा आरपार पोहून गेली. पाठोपाठ कॉलनीतल्या आणखी सहा बायका शिकल्या. मी भोपळ्यासकट काठावरच्या गवताला धरून सगळ्यांना "छान, छान" म्हणत असे.

दोन वर्षांनी अक्का आणि हेन्कसाहेब हॉलंडला परत गेले, तेव्हा सगळी कॉलनी रडली. जाताना त्यांनी एक मोठा फोटो सासूबाईंना दिला. तो शेवगावच्या घरात दर्शनी भिंतीवर आहे. मधोमध कुसुम आणि अक्का पोहताना हसताहेत, आणि मागं पाण्यावर काहीतरी गोल तरंगतंय. नवीन पाहुणा आला की हमखास विचारतो, "ह्यो भोपळा कसला वो मागं?"

सासूबाई कौतुकानं सांगतात, "आवो, भोपळा वरचा! त्याच्या खाली आमचं जावई हायेत."