खुंटीवरची पांढरी टोपी

काल इस्त्रीचे कपडे आले. कडक खळीचा तो वास नाकात शिरला आणि मी थेट सोलापुरातल्या आमच्या क्लबात, टोप्यांच्या खुंट्यांसमोर जाऊन उभा राहिलो.

तिथे प्रत्येक सभासदाची खुंटी ठरलेली असे. आमचा मल्लप्पा, सुताचा व्यापारी, सत्याग्रहात तुरुंगात गेला आणि त्याच्या खुंटीवर सेक्रेटरी रावसाहेब आपली साहेबी हॅट अडकवू लागले. कलेक्टरकडे ऊठबस असलेल्या माणसाला बोलणार कोण? आम्ही शेपूट घालून पत्ते पिसत बसलो.

सुटला त्या संध्याकाळी मल्लप्पा सरळ क्लबात आला. पार वाळला होता. टोपी काढून खुंटीकडे वळला, तर रावसाहेब पत्त्यांतून मान वर न करता म्हणाले, "ती जागा मोकळी नाही."

"ऱ्हाऊ द्या की. मांडीवर घेऊन बसतो, त्यात काय हाय?" मल्लप्पा हसला.

तेव्हा म्हातारे डॉक्टर उठले. उभ्या जन्मात कुणाला दुखवलं नव्हतं त्यांनी. आपली पगडी खुंटीवरून काढली आणि मांडीवर घेऊन बसले. मग मी उठलो. मग सगळेच. भिंतीवर हॅट तेवढी उरली. रावसाहेब लालबुंद झाले आणि शेवटी त्यांनी स्वतःच ती उतरवली.

तेव्हा वाटलं, आम्ही मल्लप्पाची जागा राखली. आता कळतं, त्याने आमची लाज राखली होती. मल्लप्पाने टोपी अडकवली. आमच्यापैकी कुणीच आपली परत टांगली नाही. ती अख्खी संध्याकाळ त्या भिंतीवर एकच टोपी होती. पांढरी.