गळक्या नळाचा कोपरा

खडकीतल्या ज्या शाळेत मी मराठी शिकवत होते, तिथला वक्तशीरपणा शाळेचा नव्हता, शेजाऱ्यांचा होता. दारूगोळा कारखान्याचा भोंगा वाजला की आमची पहिली घंटा व्हायची. निम्म्या मुलांचे वडील त्याच भोंग्यावर आत गेलेले असायचे आणि उरलेल्यांच्या वडिलांची बाजारात दुकानं होती. लष्करी वस्ती असल्यामुळे रस्त्याकडेच्या झाडांचे बुंधेसुद्धा गेरू आणि चुना लावून रांगेत उभे असल्यासारखे दिसायचे. अशा ठिकाणी आमच्या शाळेच्या मागचा कोपरा म्हणजे उघडउघड बेशिस्त होती.

पिण्याच्या पाण्याचे नळ होते, त्यांच्या मागे कुंपणाच्या भिंतीपर्यंत एक तिकोनी तुकडा होता. नळ गळके. पाणी ओट्यावरून खाली जायचं आणि त्या तुकड्यात मुरायचं. तिथे कोणी न लावता अळू माजलं होतं, कर्दळ होती, भिंतीच्या फटीतून उगवलेलं उंबराचं बऱ्यापैकी मोठं झाड होतं. गोगलगायी होत्या, बेडूक होते, डास तर होतेच. मुतारी जवळ असल्यामुळे वास यायचा. शिक्षक तिकडे जात नसत, मुलं मात्र मधल्या सुट्टीत तिथेच असायची.

त्या वर्षी जूनमध्ये संस्थेचे कार्यवाह आले आणि कोपऱ्यावर शहाबादी फरशी घालून शिक्षकांच्या स्कूटर तिथे लावायच्या असं ठरवून गेले. स्टाफरूममध्ये आनंद झाला. मलाही झाला, कारण मी नुकतीच मोपेड घेतली होती. आनंद झाला नाही तो भूगोलाच्या बाईंना. त्यांचं ते नोकरीचं शेवटचं वर्ष होतं. बाई कमी बोलत, आणि बोलल्या की समोरच्याला वाटे, नसत्या बोलल्या तर बरं झालं असतं.

बाई कार्यवाहांना भेटायला सदाशिव पेठेत संस्थेच्या कार्यालयात गेल्या. परत आल्यावर त्यांनी आम्हाला चहाच्या वेळी सांगितलं, "मला एक वर्ष मिळालंय. या वर्षी आठवीला सगळे विषय त्या कोपऱ्यातून शिकवायचे. मार्चमध्ये कार्यवाह स्वतः येऊन बघणार. कोपरा शिकवायच्या कामाचा दिसला तर राहील, नाही तर फरशी."

"सगळे विषय म्हणजे?" गणिताच्या सरांनी विचारलं.

"सगळे म्हणजे सगळे. तुमचाही धरून."

"मग मी काय, अळूची पानं मोजायला लावू?"

"लावा. पण बरोबर मोजायला लावा."

बाईंचा आग्रह एवढाच होता की प्रत्येक विषयाने त्या कोपऱ्याबद्दल खरं तेच सांगायचं. 'पर्यावरण' हा शब्द तेव्हा आमच्या वेळापत्रकात नव्हता. 'सार्वजनिक स्वच्छता' होती, आणि तिच्या दृष्टीने हा कोपरा साफ करण्याच्याच लायकीचा होता. शाळेत काहीतरी आपल्यामागे राहावं असं त्या वयात सगळ्यांना वाटतं. कोणी ट्रॉफी ठेवतं, कोणी स्वतःच्या नावाचं बक्षीस. बाईंना हा चिखल ठेवायचा होता. मला ते तेव्हा जरा चमत्कारिकच वाटलं.

माझा पहिला तास फसला. मी आठवीला तिथे नेलं आणि दिसतं ते लिहा म्हटलं. भर दुपारी, मुतारीच्या वासात बसून चाळीसेक मुलांनी लिहिलं की पूर्व दिशेला तांबडं फुटलं होतं, पक्षी किलबिलाट करत होते आणि निसर्ग हा मानवाचा खरा मित्र आहे. मी त्यांना वर बघायला सांगितलं. सूर्य डोक्यावर होता. जे इथे नाही ते खोडा म्हटल्यावर पुष्कळांच्या वह्यांत फक्त तारीख उरली. मग हळूहळू वाक्यं यायला लागली. 'बेडकाचा गळा हलतो, पोट हलत नाही.' 'उंबराखाली उभं राहिलं तर घाम येत नाही.' असली वाक्यं मी इतक्या वर्षांत कोणाच्या निबंधात वाचली नव्हती. मला फार बरं वाटलं, आणि इतकी वर्षं आपण काय शिकवत होतो असाही प्रश्न पडला, पण तो मी स्टाफरूममध्ये बोलून दाखवला नाही. तिथे असल्या प्रश्नांना उत्तर देणारे फार.

इतिहासाचे सर म्हणाले होते की या कोपऱ्याला इतिहास नाही. मग अळवाखाली त्यांना एक दगडी डोणी सापडली, गोऱ्या शिपायांच्या काळातली, घोड्यांना पाणी पाजायची असावी. त्यानंतर आठवडाभर ते कोणालाच बोलू देईनात. चित्रकलेच्या तासाला हिरवा रंग संपला. कवायतीच्या सरांनी मुलांना शिट्टीशिवाय, हुकमाशिवाय एक अख्खा तास न हलता उभं राहायला शिकवलं. नोव्हेंबरच्या सुमारास एक धोबी पक्षी आला, राखाडी-पिवळा, ओलीवर शेपटी आपटत चालणारा. मुलं इतकी गप्प उभी होती की तो त्यांच्या पायांजवळून गेला. तो हिमालयाकडून येतो असं बाईंनी सांगितल्यावर कारखान्यातल्या एका फिटरची मुलगी म्हणाली, "एवढ्या लांबून आमच्या नळावर?"

"तुझ्या नळावरच," बाई म्हणाल्या. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा हसताना बघितलं.

आणि गणिताचे सर. आधी सगळ्यात जास्त कुरकुर त्यांची, आणि मग सगळ्यात जास्त उत्साहही त्यांचाच. त्यांनी मुलांना गळक्या नळाखाली भांडं धरायला लावलं, हातातलं घड्याळ काढून दिलं आणि दिवसाला किती पाणी वाया जातं, महिन्याला किती, वर्षाला किती, हे काढून घेतलं. तीनदा मोजलं. उत्तर एवढं मोठं आलं की त्यात शाळेची टाकी कितीतरी वेळा भरली असती. सरांनी ते रंगीत खडूने दर्शनी फळ्यावर लिहिलं, खाली 'पाणी वाचवा' आणि त्याखाली 'इयत्ता आठवी'. मुलांना आपला अभिमान वाटत होता. वाटायलाच हवा होता.

त्याच आठवड्यात कार्यवाह दुसऱ्या कसल्या कामासाठी आले. फळ्यापाशी थांबले, चष्मा पुसून आकडा पुन्हा वाचला. संस्थेत काटकसर हाच एक धर्म सगळ्यांना मान्य होता. लगेच प्लंबर आला. नवे नळ बसले, ओट्याला उतार दिला, खाली बंद नळी टाकून हात धुतलेलं पाणीसुद्धा थेट गटारात सोडलं. कार्यवाहांनी आठवीच्या वर्गात जाऊन पाठ थोपटली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. गणिताचे सरही वाजवत होते.

आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आलं नाही. सगळ्या विषयांनी मिळून तो कोपरा शिकवत होतो, पण तो कशावर जगतो हे कोणत्याही विषयात येत नव्हतं.

संक्रांतीपर्यंत अळवाची पानं कडेने पिवळी पडली. चिखलाला भेगा गेल्या. धोबी पक्षी कधीच निघून गेला होता. बेडूक कुठे गेले कोणास ठाऊक. मुलं डबा खाल्ल्यावर बाटलीतलं उरलेलं पाणी तिथे ओतायला लागली, पण त्याने काय होणार? बाई कार्यवाहांना पुन्हा भेटल्या. निदान ती बंद नळी तरी कोपऱ्याकडे वळवा म्हणाल्या. नवीन केलेलं काम लगेच उखडायचं हे कार्यवाहांना पटेना. "मार्चमध्ये येतोच आहे, तेव्हा बघू," असं उत्तर आलं.

गणिताचे सर त्या दिवसांत जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून नुसते बसायचे. एकदा माझ्यादेखत ते बाईंना म्हणाले, "मी त्यांना सांगतो, हिशेब चुकला होता म्हणून. एवढं पाणी जातच नव्हतं. पहिलं होतं तसं करू द्या म्हणतो."

"चुकला होता?"

"नाही."

"मुलांना काय सांगाल?"

सरांनी पोळीचा तुकडा मोडला आणि तसाच डब्यात ठेवला.

"नळ गळत होता, सर. तो दुरुस्त व्हायलाच हवा होता," बाई म्हणाल्या. "तुमची पोळी गार होतेय."

मला बाईंचा राग आला. आपलीच वर्षभराची मेहनत आपल्याच तत्त्वापायी वाळू द्यायची, हा कसला हट्ट! त्यांच्या जागी मी असते तर एखादा नळ रात्रीतून सैल करवला असता, आणि आजही मला त्यात फार काही वावगं वाटत नाही.

मार्चमध्ये कार्यवाह दोन सभासदांना घेऊन आले. कवायतीच्या सरांनी पाहुण्यांसाठी उंबराच्या बुंध्याला गेरू आणि चुना लावून ठेवला होता. मुख्याध्यापकांनी आम्हाला बजावलं होतं की पावसाळ्यातली चित्रं, निबंध, तक्ते तेवढे दाखवा, कोपरा लांबून दाखवा. पण कार्यवाह सरळ कोपऱ्यात गेले. पायाखाली वाळलेला पाचोळा आणि भेगाळलेली माती. त्यांनी समोर उभ्या असलेल्या फिटरच्या मुलीला विचारलं, "बाळ, काय काय शिकलात इथे?"

मुख्याध्यापक तिच्याकडे बघून मान हलवत होते. ती त्यांच्याकडे बघत नव्हती.

"इथे बेडूक होते, चतुर होते, धोबी पक्षी यायचा," ती म्हणाली. "ते सगळे गळक्या नळावर जगायचे. आम्ही हिशेब केला आणि नळ दुरुस्त झाला. नळ गळत होता ते चूकच होतं. पण आता इथे कोणी राहत नाही."

एवढं स्वच्छ मराठी मी शाळेत त्याआधी ऐकलं नव्हतं. कार्यवाह वाईट गृहस्थ नव्हते. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मग बाईंकडे वळले.

"मुलगी हुशार आहे तुमची. पण बाई, कोपरा तर गेला. आता राखायचं काय?"

"ती नळी वळवली तर पावसाळ्यानंतर परत येईल."

"येईल. डासही येतील." त्यांनी घड्याळ बघितलं. "आपलं बोलणं झालं होतं, मार्चमध्ये जे दिसेल ते."

"झालं होतं," बाई म्हणाल्या.

सुट्टीत फरशी बसली. उंबर मध्ये येत होता म्हणून तोडला. बाईंच्या निरोपसमारंभाला शाल, नारळ आणि मुख्याध्यापकांचं लांबलचक भाषण झालं. बाईंना बोलायला सांगितलं तेव्हा त्या उठल्या आणि म्हणाल्या, "माझ्या जागी ज्या येतील त्यांना सांगा, फरशीसुद्धा सगळ्या विषयांत बसते. आठवीला पुढच्या वर्षी ती शिकवा." लोक हसले. गणिताचे सर तेवढे हसले नाहीत.

जूनमध्ये आमच्या गाड्या तिथे ओळीने उभ्या राहायला लागल्या. माझी मोपेडही. सोय झाली हे मी नाकारत नाही. ऑक्टोबरच्या उन्हात एक दिवस दुपारी बघते तर गणिताच्या सरांनी सगळ्या गाड्या बाहेर काढायला लावल्या होत्या आणि नवीन आठवीचा वर्ग फरशीवर उभा होता. विज्ञानाच्या खोलीतला तापमापक त्यांनी फरशीवर ठेवला होता, दुसरा मैदानाच्या टोकाला आंब्याखाली मातीत. मागच्या वर्षीच्या मुलांनी याच जागेबद्दल लिहिलेले निबंध त्यांनी माझ्याकडून मागून नेले होते, ते एक मुलगा मोठ्याने वाचत होता. मग त्यांनी दोन तापमानांतला फरक काढायला लावला, आणि पावसाचं किती पाणी मुरायचं ते आता वाहून गटारात जातं, तेही. पोरांनी वह्या मांडीवर घेतल्या. खाली टेकवेना, म्हणून उकिडवी बसली.

सगळ्यांची उत्तरं सारखीच आली. सरांनी ती दर्शनी फळ्यावर लिहिली. गेल्या वेळेइतक्याच मोठ्या अक्षरांत, रंगीत खडूने. मग मुलांना तिथेच थांबायला सांगून ते ऑफिसात गेले आणि त्यांनी कार्यवाहांना फोन लावला. मी दारातच होते. सर आकडे सांगत होते, पुन्हा सांगत होते, फरशीची निदान एक रांग उखडा म्हणत होते. पलीकडून फार काही बोलणं झालं नसावं. "बरं," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

बाहेर आले तर मुलं अजून फरशीवर उभी होती, एकदा या पायावर, एकदा त्या.

"सर, ते कधी येणार बघायला?" एकाने विचारलं.

"येतील," सर म्हणाले. "तोवर इथेच सावलीत उभे राहा."

मुलांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि ती होती तिथेच उभी राहिली.