मुख्य लेखाधिकाऱ्यांना थांबवणारे काका

स्वतःची बदली व्हावी म्हणून धडपडणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. दुसऱ्याची होऊ नये म्हणून जिवाचं रान करणारा माणूस मात्र एकच पाहिला. ते आमच्या महापालिकेच्या लेखा विभागाचे अधीक्षक. रोज पिंगळीहून रेल्वेनं यायचे. मी शेजारच्या टेबलावर लिपिक होते आणि सगळ्यांसारखी त्यांना काकाच म्हणायची.

मुख्य लेखाधिकाऱ्याचं पद आमच्याकडं भरलेलं कमी आणि रिकामंच जास्त असायचं. बाहेरगावच्या कुणाचा तरी आदेश निघायचा, तो अधिकारी नकाशात आमचं गाव शोधायचा आणि आजारी पडायचा. मग कार्यभार दुसऱ्या कुणाकडं. त्याच्याकडं आधीच तीन खाती. सहीवाचून फायली पडून राहायच्या आणि निवृत्त सफाई कामगार बायका पेन्शनच्या कागदासाठी दिवसदिवस व्हरांड्यात बसायच्या. काका त्यांना चहा पाजायचे, पण स्वतः घ्यायचे नाहीत. "कोणत्या तोंडानं पिऊ?" म्हणायचे.

म्हणून नवा आदेश आला की काकांच्या अंगात वारं शिरायचं. अधिकाऱ्याच्या जुन्या कचेरीत फोन करून ते पोरांच्या इयत्तांपासून जेवणाच्या पथ्यापर्यंत सगळं काढून घ्यायचे. त्यांच्यासाठी भाड्याची घरं बघताना नळाचं पाणी ओंजळीनं पिऊन बघायचे, आणि घरमालकीण भांडकुदळ आहे का, हे तिच्यासमोरच मालकाला विचारायचे. खोट्याचा त्यांना तिटकारा होता. उन्हाळ्याविषयी मात्र बिनदिक्कत खोटं बोलायचे. ऐन मे महिन्यात हजर व्हायला आलेल्या एका साहेबांना, शर्ट पाठीला चिकटलेला असताना म्हणाले, "ऊन? आमाला तर संध्याकाळी स्वेटर लागतंय!" साहेब संध्याकाळच्याच गाडीनं परत गेले. त्यांच्यासाठी आणलेला गुच्छ काकांनी माझ्या टेबलावर ठेवला. "घ्या बाई, उगं वाळायलाय."

मग कोल्हापूरकडच्या मॅडम आल्या, बदलीचा अर्ज लिहून तयार ठेवूनच. सोबत गुडघ्यांनी बेजार झालेली म्हातारी आई. मॅडम कामाला वाघ. महिनाभरात व्हरांडा मोकळा झाला. पण आईला करमेना. काकांनी काय करावं? रोज दुपारी काकूंना पिंगळीहून बोलावून ते आईंच्या सोबतीला पाठवू लागले. आमटी कशाला म्हणायचं यावरून आधी दोघींचं जमेना. मग एकमेकींवाचून जमेना.

वर्षभरानं मॅडमच्या बदलीचा आदेश आला. टपाल काकाच उघडायचे. त्यांनी तो कागद दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला. मला वाटलं, गेला आता हा कागद फायलींच्या ढिगाखाली! पण काका उठले आणि तडक केबिनमध्ये गेले. मीही मागोमाग गेले.

"मॅडम, आली तुमची ऑर्डर. पेढे पायजेत बरं का," ते म्हणाले.

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. "काका, मला वाटलं होतं, तुम्ही हे दाबून ठेवाल."

"लय वाटलं तसं. पण आईला गावाकडं जायचं असंल. माझ्या हट्टापायी म्हाताऱ्या माणसाला कोंडून ठेवू का?"

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या त्या अर्ध्या वैतागलेल्या, अर्ध्या हसत. "काका, आई म्हणते, तू जा खुशाल. मी पिंगळीला राहते!"

काका खुर्चीत बसले आणि रुमालात तोंड लपवून पोरासारखे हसले. मॅडमनी बदली रद्द करून घेतली. त्या आणखी दोन वर्षं राहिल्या. मधल्या काळात काकाच निवृत्त झाले.

यंदा मॅडम बदली होऊन आईसह कोल्हापूरकडं गेल्या. त्यांच्या जागी कुणी आलंच नाही, पद पुन्हा रिकामंच राहिलं. ही बातमी काकांना सांगावी म्हणून परवा मी मुद्दाम पिंगळीला उतरले. काका ओसरीवर काकूंसमोर मोबाईल धरून बसले होते. पडद्यावर मॅडमची आई होती. काकूंचा हात आता थरथरतो, म्हणून रोज अर्धा तास फोन काका धरतात. हात अवघडला तरी हलवत नाहीत. मला त्यांनी खुणेनंच बसवलं.

"तिकडं पावसाची झड लागलीय म्हणं," ते हळूच म्हणाले. "गुडघे दुखायलेत त्यांचे."

आणि पुन्हा त्या एवढ्याशा पडद्याकडं बघत राहिले. दोघी बोलत होत्या. मी आणलेली बातमी तशीच परत घेऊन आले.