आतून लागणारी कडी

लग्न झाल्यावर पहिल्याच वर्षी मी बायकोला विचारलं होतं, "घर घ्यायचं झालं तर तुला त्यात काय काय हवं?" तेव्हा आम्ही गिरगावातल्या चाळीत दोन खोल्यांत राहत होतो. आई, वडील, आम्ही दोघं आणि गावाहून परीक्षेला, नोकरीला किंवा नुसतेच डोळे तपासायला येणारे पाहुणे. दोन खोल्यांना मिळून दार एकच, तेही गॅलरीत उघडणारं, आणि दिवसभर सताड उघडं. चुकून लावलं तर शेजारी विचारायला यायचे, कोणी आजारी आहे का म्हणून. बायकोनं थोडा विचार केला आणि म्हणाली, "एक खोली. तिला दार. आणि दाराला आतून कडी."

मी हसलो. नवीन लग्न आहे, उघड बोलायला लाजते, पण मुद्दा आपल्या लक्षात आला, असं मला वाटलं. पुढची आठ-नऊ वर्षं मला तसंच वाटत होतं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. खाडीवरचा पूल होऊन काही वर्षं झाली होती, आणि पलीकडे वाशीला इमारती उभ्या राहत होत्या. ऑफिसात दुपारच्या डब्याला रोज त्यावर चर्चा चाले. तिकडे रात्री कोल्हे ओरडतात, पासून ते तिकडे मोकळी हवा आहे, पर्यंत सगळी मतं डब्यातल्या भाजीबरोबर फिरायची. बायकोला विचारलं त्याच आठवड्यात मी जाहीर केलं की दिवाळी नव्या घरात. कुठली दिवाळी ते मी सांगितलं नाही, हे नंतर माझ्या कामाला आलं.

मी घाई करणाऱ्यांतला नव्हतो. घर आयुष्यात एकदाच घ्यायचं असतं, हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलं की आई मी तोंड उघडलं की ते आधीच पुरं करायची. दर रविवारी साग्रसंगीत पोहे, दुसरा चहा, मग आंघोळ, आणि मग बस. वाशीला पोचेपर्यंत बारा वाजलेले असत. तिथे मला घरं दाखवायला एक मध्यस्थ मिळाला होता. तिथल्याच गावातला, माझ्याच वयाचा, स्कूटरवर चाव्यांचा जुडगा घेऊन फिरणारा. पहिल्या दिवशी एका नव्या इमारतीच्या जिन्यात थांबून तो म्हणाला, "सायेब, हितं आमचा भात व्हायचा."

माणसानं यावर काहीतरी माणसासारखं बोलावं. मी विचारलं, "म्हणजे इथे पाणी साचत असणार?"

"भाताला साचायचं," तो म्हणाला. "मानसांना कशाला साचंल?"

तरी मी साचण्याची शंका घेऊनच घरी आलो आणि ते घर सोडलं. मग एकामागून एक सोडतच गेलो. तळमजल्यावर डास. शेवटच्या मजल्यावर गळती. मधल्या मजल्यावर वरच्यांचा पाटा-वरवंटा. इमारतीला चौथ्या प्रकारचा मजला नसतो हे मला कळत होतं, पण माझा शोध चालू होता. बाजाराच्या बाजूचं एक चांगलं घर मी वारा तिकडून आला की कांद्याचा वास येईल म्हणून नाकारलं, आणि घरी येऊन कांद्याची भजी मागितली. भिंतींवर मी टिचक्या मारायचो आणि कान लावायचो. त्यात काय ऐकू यायला हवं हे मला आजही माहीत नाही. पण टिचकी मारून मान हलवली की समोरचा माणूस गप्प होतो, एवढं मी शिकलो.

आणि होकायंत्र. ते मी चोरबाजारातून आणलं होतं, पितळेचं, झाकणाचं. जहाजावरचं आहे असं विकणारा म्हणाला होता, आणि मी ते सगळ्यांना सांगायचो. माझा दिशाबिशांवर अजिबात विश्वास नव्हता, पण घरात देव्हारा होता, आणि देव्हारा म्हटला की पूर्व आली. देवांचं तोंड पूर्वेला हवं की पूजा करणाऱ्याचं, यावरही मी बराच अभ्यास केला होता. "आईसाठी बघावं लागतं," असं मी खालच्या आवाजात सांगायचो, म्हणजे मी सुधारलेलाही ठरायचो आणि मातृभक्तही.

चाळीत होकायंत्र चोख चाललं. गॅलरीच्या लाकडी कठड्यावर ठेवलं की काटा डुलत डुलत जागेवर यायचा. वाशीत मात्र प्रत्येक घर तिरकं निघायचं. मी खिडकीपाशी जायचो, कारण उजेड तिथे असतो, होकायंत्र खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायचो, चष्मा पुसायचो आणि वाकून बघायचो. स्वयंपाकघराची भिंत कधी आग्नेयेला, कधी नैर्ऋत्येला, पाहिजे तिथे कधीच नाही. एकाच इमारतीतल्या वरच्या आणि खालच्या घराची पूर्व वेगळी निघाली, तेव्हाही मला शंका आली ती बिल्डरची.

"सायेब, तुमाला घर बगाचा हाय का पूर्व?" मध्यस्थानं एकदा विचारलं. मी त्याला म्हटलं, दोन्ही. तो चाव्या मोजत उभा राहिला.

सुरुवातीला बायको माझ्याबरोबर यायची. बाकी काही न बघता ती थेट आतल्या खोलीत जायची, दार लोटायची, कडी सरकवायची आणि काढायची. मग बाहेर येऊन म्हणायची, "मला चालेल." तिला प्रत्येकच घर चालायचं, त्यामुळे तिच्या मताला काही किंमत नाही असं मी ठरवलं. वर्षभरानं तिनं येणं बंद केलं. मग मुलगी झाली. तिचा पाळणा आईच्या खाटेच्या आणि आमच्या गादीच्या मधे टांगला गेला. तिला झोपवताना बायकोला गाणं म्हणायचं असेल तर चौघांना ऐकू जायचं, आणि बाळंतपणात रडू आलं तेव्हाही. मोरीच्या पडद्यामागे जाऊन तोंडावर पाणी मारत ती रडायची. बाहेर आल्यावर आई विचारायची, काय झालं, वडील विचारायचे, काय झालं, गॅलरीतून जाणारी बाई थांबून विचारायची, काय झालं. काही नाही, असं ती सगळ्यांना वेगवेगळं सांगायची. मला हे दिसत होतं. वाईटही वाटायचं. आणि वाईट वाटलं की मी पुढच्या रविवारी आणखी कसोशीनं घर शोधायचो.

दरम्यान माझी ख्याती झाली होती. ऑफिसात कोणी वाशीला, नेरुळला घर बघायचं म्हटलं की मला घेऊन जायचे. मी टिचक्या मारायचो, काटा बघायचो, दोष सांगायचो. ते सगळं ऐकून घ्यायचे आणि घर घ्यायचे. मी सोडलेली निदान तीन घरं माझ्याच सेक्शनमधल्यांनी घेतली. त्यांच्या वास्तुशांतीला आम्ही सहकुटुंब जाऊन जेवलो. श्रीखंडाची दुसरी वाटी हातात घेऊन मी त्यांच्याच बाल्कनीत त्यांना सांगायचो की हवा छान आहे, पण दिशा बघायला हवी होती. तेवढ्यात आतून खट्ट असा बारीक आवाज यायचा. थोड्या वेळानं परत खट्ट. बायको त्यांच्या आतल्या खोलीची कडी लावून बघत असायची.

अशाच एका जेवणावरून बसनं परत येताना ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "पुढच्या रविवारी मी येते. पण पहिल्या बसनं जायचं. पोहे नाहीत."

माझं घरात कधी फारसं चालत नसे, पण रविवारचे पोहे चुकवायची वेळ आली नव्हती. ती वेळ आली. मुलीला आईकडे ठेवून आम्ही अंधारातच निघालो. पुलावर बस चढली आणि उन्हाची तिरीप समोरून सरळ डोळ्यांत आली. मी रुमाल तोंडावर घेऊन झोपलो.

मध्यस्थ नाक्यावर उभा होता. बायकोला बघून त्यानं स्कूटर स्टँडला लावली. "वैनी आल्या, बरं झालं," एवढंच म्हणाला आणि आम्हाला चालत एका इमारतीत घेऊन गेला. दुसरा मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघर. आधीचं कुटुंब बदली होऊन पुण्याला गेलं होतं. भिंतीवर त्यांच्या कॅलेंडरचा चौकोन राहिला होता. मी टिचक्या मारल्या. मग खिडकीपाशी जाऊन होकायंत्र काढलं, कट्ट्यावर ठेवलं, वाकलो आणि मान हलवली.

"नैर्ऋत्य," मी म्हटलं.

"मागच्या टायमालाबी तुमी नैर्ऋत्यच बोलला व्हता," मध्यस्थ म्हणाला.

"मागच्या म्हणजे?"

"हा बगितलेला हाय तुमी. नवीन व्हता तवा. तीन-चार वर्सं झाली."

मला काहीही आठवत नव्हतं. तो जिना, ती खिडकी, काहीच नाही. बायकोनं माझ्याकडे बघितलं नाही. तिनं कट्ट्यावरचं होकायंत्र उचललं आणि खोलीच्या मधोमध नेलं. काटा हलला. ती परत खिडकीकडे आली, काटा परत फिरला. तिनं ते खिडकीच्या ग्रिलला टेकवलं, तेव्हा काटा थरथरत लोखंडाकडे वळून थांबला.

"अहो," ती म्हणाली, "हे ग्रिलकडे बघतंय."

मी विज्ञानाचा पदवीधर आहे. लोहचुंबक मी शाळेत शिकलो होतो, कॉलेजात शिकलो होतो, आणि चाळीतल्या एका मुलाला मॅट्रिकला शिकवलंही होतं. मी म्हटलं, "असं होऊ शकतं."

"आणि आपण आलो तेव्हा सूर्य कुठे होता?"

"मी झोपलो होतो."

"समोर होता. मुंबईकडे पाठ केली की पूर्वच. इतकी वर्षं येताय तुम्ही."

मध्यस्थ बाल्कनीत जाऊन समोरच्या डोंगराकडे बघत उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. मी होकायंत्राचं झाकण लावलं आणि शेवटचं हत्यार काढलं. "माझं काही नाही, पण आईला देव्हाऱ्याचं..."

"आईंना मी काल विचारलं," बायको म्हणाली. "त्या म्हणाल्या, चाळीत तीस वर्षं देव पाण्याच्या पिंपावर बसलेत, पिंपानं कधी दिशा विचारली नाही."

ती आतल्या खोलीत गेली. दार लोटलं, कडी सरकली. खट्ट. या वेळी दुसरा आवाज लवकर आला नाही. मी आणि तो मध्यस्थ बाहेर उभे राहिलो. मग कडी निघाली आणि ती बाहेर आली. "हे घेऊया," ती म्हणाली. 'मला चालेल' म्हणाली नाही. मी हो म्हटलं.

घर झालं. या मधल्या वर्षांत भाव कुठे गेले होते ते मी लिहीत नाही, ऑफिसातल्या लोकांनी ते मला पुष्कळदा सांगितलं आहे. वास्तुशांतीला ते सगळे आले. दूध उतू गेलं, श्रीखंड झालं, देव्हारा स्वयंपाकघरात जिथे मावला तिथे बसला. मी ज्यांची घरं नाकारली होती त्यांनी आमच्या भिंतींवर एकेक टिचकी मारली आणि मान हलवली. मी ते गोड मानून घेतलं. मध्यस्थही बायकोला घेऊन आला होता. जाताना जिन्यात त्यानं कठड्याला हात लावला आणि म्हणाला, "हितला तांदूळ लय गोड व्हता, सायेब." या वेळी मी पाण्याबद्दल काही विचारलं नाही. त्याचा हात थोडा वेळ धरला.

पाहुणे गेले तेव्हा ऊन उतरत आलं होतं. आई-वडील बाहेरच्या खोलीत सतरंजीवर लवंडले होते. मी स्वयंपाकघरात गेलो आणि स्वतः चहा केला, ही घटना वास्तुशांतीइतकीच दुर्मीळ होती. दोन कप घेऊन आतल्या खोलीकडे निघालो. दार बंद होतं. मनात म्हटलं, आठ-नऊ वर्षं उशीर झाला, पण अखेर तिला हवी होती ती खोली आपण दिली. केसांवरून हात फिरवला आणि दार ढकललं. आतून कडी होती.

मी कपानंच टकटक केलं.

"कोण?"

"मी."

"काही हवंय का?"

"नाही. चहा आणलाय. मला वाटलं..." काय वाटलं ते दारातून सांगण्यासारखं नव्हतं.

"असू दे थोडा वेळ," ती म्हणाली. आवाज रागाचा नव्हता. खूप शांत होता, इतका शांत मी तो चाळीत कधी ऐकला नव्हता. "येते मी."

मी दोन्ही कप घेऊन तिथेच उभा राहिलो. आधी मला रागच आला. मग तिचं पहिल्या वर्षीचं उत्तर आठवलं, शब्दन् शब्द. एक खोली, तिला दार, दाराला आतून कडी. त्यात मी कुठेच नव्हतो. माझी भर मीच घातली होती, होकायंत्र न वापरता. मला हसू आलं, आणि वाईटही वाटलं, आणि त्या बंद दाराबद्दल फार माया वाटली.

मुलगी कुठून तरी धावत आली आणि दारावर थाप मारायला तिनं हात उचलला. मी कप खाली ठेवून तो धरला.

"आई काय करतेय आत?"

"काही नाही करत," मी म्हटलं. "बसलीय."

"मी जाऊ?"

"आत्ता नको," मी म्हटलं, आणि तिच्या आईच्या कपावर बशी झाकण म्हणून ठेवली.