चिरा आणि ब्लॉक यांच्यामधली फट

दहिसरला नदीच्या बाजूला आमचं बैठं घर आहे. मागे छोटीशी बाग. आईची अबोली, कढीपत्ता, नळापाशी अळू. बागेभोवतीची भिंत बाबांनी गिरणीत असताना बांधून घेतली होती, जांभ्या चिऱ्याची. चिरे गावाहून ट्रकने आले होते. इथे विटा मिळत नव्हत्या असं नाही, पण बाबांना चिरेच हवे होते.

दोन पावसाळ्यांपूर्वी शेजारचं बदामाचं झाड त्या भिंतीवर पडलं आणि मधला मोठा तुकडा कोसळला. चिऱ्यांचा चुरा झाला. माझा धाकटा भाऊ बांधकामाच्या साइटवर सुपरवायझर होता. तो म्हणाला, "मी स्वतः बांधतो. सिमेंटच्या ब्लॉकची."

"चिऱ्याक चिरोच होयो," बाबा म्हणाले. विषय तिथेच संपला असता, पण भावाने पुढच्या आठवड्यात ब्लॉक आणून अंगणात उतरवले.

आई गेल्यापासून या दोघांमध्ये बोलणं असं नव्हतंच. भावाने लग्न केलं नव्हतं, घरात दोघेच. जेवायला बसलास का, गॅस संपलाय, एवढंच. मी घाटकोपरहून रविवारी डबा घेऊन जायची तर एक जण टीव्हीसमोर आणि दुसरा मोबाइलमध्ये. भिंतीचं काम निघालं आणि दोघं भांडायला लागले. खरं सांगते, मला बरं वाटायचं. गेटपासूनच आवाज ऐकू यायचे.

बाबांचं म्हणणं, चिऱ्याला दात काढायचे, म्हणजे जिथे तुटलंय तिथे एक चिरा पुढे, एक मागे, आणि त्या खाचांत ब्लॉक घट्ट बसवायचे. भाऊ म्हणायचा, "बाबा, चिरा पाणी पितो, फुगतो. ब्लॉक वाळताना आकसतो. दोघांना आवळून बांधलं तर पहिल्याच उन्हाळ्यात तडा. मध्ये बोटभर फट ठेवायची आणि आतून स्टीलची पट्टी द्यायची. तिचं एक टोक चिऱ्यात पक्कं, दुसरं ब्लॉकच्या बाजूला नळीत मोकळं. म्हणजे भिंत हलली तरी सुटणार नाही."

"फट ठेवून कोण भिंत बांधता?"

"ताई, तू सांग ना ह्यांना!"

मी डबा उघडून वाढायला घ्यायची. मला काय कळणार त्यातलं. पण दुपारी बाबा गुपचूप पाण्याची बादली नेऊन त्याच्याजवळ ठेवायचे, आणि तो न बघता हात पुढे करायचा तेव्हा त्याला ओळंब्याची दोरीही द्यायचे. असं करत भिंत कमरेपर्यंत आली.

शिमग्याच्या आधी एका दुपारी भाऊ साइटवर कोसळला. हॉस्पिटलमध्ये नेईपर्यंत सगळं संपलं होतं. पंचेचाळिशीही झाली नव्हती. स्मशानात बाबांनी सगळं भटजी सांगतील तसं केलं. रडले नाहीत. तेराव्यापर्यंत माणसं होती, मग घर रिकामं झालं. उरलेले ब्लॉक निळ्या ताडपत्रीखाली तसेच पडले होते. भिंतीवरून कुत्री आत यायची आणि आईच्या अबोलीत लोळायची. बाबा खिडकीतून बघत राहायचे, हाकलायचेही नाहीत.

पावसाच्या आत काम व्हायला हवं म्हणून मी एक गवंडी बोलावला. त्याने जोड बघितला आणि म्हणाला, "काका, ही फट कशाला? चिरा तोडून दात काढतो, एकदम मजबूत होईल."

म्हणजे बाबा इतके दिवस म्हणत होते तेच. मला वाटलं, आता हो म्हणतील. बाबा खुर्चीवरून उठले. "नको. तेना सांगल्यान तसाच करूचा."

पण भावाने काय सांगितलं होतं ते नीट कुणालाच माहीत नव्हतं. मला अर्धंमुर्धं आठवत होतं. बाबा उकिडवे बसले आणि खालच्या थरांत त्याने पट्ट्या कुठे घातल्यात ते फटीत बोट घालून चाचपून बघू लागले. दर दुसऱ्या थराला एक. त्याच्या पिशवीत उरलेल्या पट्ट्या आणि प्लॅस्टिकच्या नळ्या मिळाल्या. बाबा एकेक काढून गवंड्याच्या हातात देत होते.

भावाने बांधलेल्या सर्वांत वरच्या थरात ब्लॉकच्या कडेने सिमेंट बाहेर आलं होतं, तसंच वाळलेलं. पुढच्या सुट्टीत तो ते साफ करणार होता. गवंड्याने छिन्नी लावली तसे बाबा ओरडले, "हात लावू नको तेका! रवांदे तसाच."

गवंडी बिचारा दचकला. मी त्याला चहा दिला आणि बाजूला नेऊन सांगितलं की हे माझ्या भावाच्या हातचं काम आहे. त्यानंतर तो ब्लॉक ठेवतानासुद्धा आवाज होऊ देत नव्हता.

काम संपायला दुसऱ्या दिवसाची दुपार झाली. शेवटी फटीत फोमची पट्टी दाबून वरून रबरासारखा मसाला भरायचा होता. ते बाबांनी कुणाला करू दिलं नाही. मसाला चिऱ्यावर लागत होता. मध्येच ते थांबले.

"तेचा बरोबर होता," ते म्हणाले. "माका तेवाच कळला होता. मी तेका सांगूक नाय."

"त्याला माहीत होतं, बाबा."

"खयचा माहीत? मी भांडतच रवलंय. म्हटलंय, मी गप झालंय तर तो परत मोबाइल घेऊन बसतलो."

आणि भिंतीला कपाळ टेकवून ते रडायला लागले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. गवंड्याने अवजारं गोळा केली आणि पाय न वाजवता बाहेर गेला.

संध्याकाळी मी निघायला चप्पल घातली. आजवर बाबांनी मला कधी थांब म्हटलं नव्हतं, माहेरपणालासुद्धा नाही. दारात उभे राहून म्हणाले, "आज हयच रव गो."

मी घरी फोन केला. मग पेज टाकली, पापड भाजले, आणि आम्ही दोघं टीव्ही न लावता जेवलो.