एका कानाची गाडी

माझ्या आत्याला सगळा रस्ता भोंगेवाली म्हणायचा. एका बाजूचा टायरवाला म्हणायचा, दुसऱ्या बाजूचा सीट कव्हरवाला म्हणायचा, आणि गिऱ्हाइकंसुद्धा फोनवर ‘भोंगेवाल्या बाई आहेत का?’ असंच विचारायची. तिला त्याचं काही वाटत नसे. एकोणीस वर्षं तिनं स्पीकरच्या कारखान्यात कोन चिकटवले होते. कोन म्हणजे स्पीकरच्या तोंडाशी असतो तो काळा, वाटीसारखा खोलगट कागद. तोच थरथरतो आणि आपण त्याला गाणं म्हणतो. कारखाना बंद पडला तेव्हा आत्या बेचाळीस वर्षांची होती. बरोबरच्या बायका शिवणकाम, पॅकिंग, जे मिळेल ते करू लागल्या. आत्यानं एका गाडीपुरता गाळा घेतला आणि लोकांच्या मोटारींत चांगले स्पीकर बसवायला सुरुवात केली.

मी तिथून दोन गल्ल्या पलीकडे विम्याच्या ऑफिसात होते. दुपारचा डबा आत्याकडे बसून खायचा हा माझा नेम. डबा खाता खाता तिचं काम बघायचं. ती दाराचं आतलं आवरण, म्हणजे डोअर पॅड, प्लॅस्टिकच्या चपट्या पट्टीनं असं उचकटायची की एक क्लिप तुटायची नाही. मग आतला उघडा पत्रा बोटानं वाजवून दाखवायची. टण्ण आवाज यायचा.

“हे ऐक. कंपनी स्पीकर बसवते तो असल्या डब्यात. वर माणसं म्हणतात स्पीकर बदला. अगं, आधी डबा गप्प करायला नको?”

ती पत्र्याला जाड, चिकट डॅम्पिंग शीट लावायची, रोलर फिरवून कोपरा न् कोपरा दाबून बसवायची, दारातली मोठी भोकं बुजवायची आणि मग तोच पत्रा वाजवायची. आता तो लाकडासारखा ठप्प बोलायचा. स्पीकर त्यानंतर. मी हे शंभरदा पाहिलं असेल, पण दर वेळी मला त्या ‘ठप्प’चं नवल वाटायचं.

एके दिवशी दुपारी एक उंच, वाकलेले गृहस्थ जुनी, पण चकचकीत ठेवलेली गाडी घेऊन आले. गाडीच्या डाव्या बाजूचे स्पीकर बिघडले आहेत, असं त्यांचं म्हणणं. तीन दुकानं झाली होती. एकानं कंपनीचे काढून नवे बसवले, दुसऱ्यानं त्याहून भारी बसवले, तिसऱ्यानं सगळ्या वायरी बदलल्या. तरी डावीकडची वाद्यं ऐकूच येत नाहीत, अर्धं गाणं गायब होतं, असं ते म्हणाले. काय करता, असं आत्यानं विचारलं, तर पूर्वी नाट्यगृहाच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवायचो, एवढंच सांगितलं.

आत्यानं दोन्ही डोअर पॅड काढले. साधा घड्याळाचा सेल घेतला, त्याच्या दोन टोकांना जोडलेल्या वायरी स्पीकरला टेकवल्या. कोन टक्कन पुढे आला. उलट्या टेकवल्या, तर मागे गेला. उजवीकडे तसंच, डावीकडे तसंच. जोडणी सरळ, कोन धडधाकट. तिनं डावा स्पीकर उजवीकडे लावून पाहिला, उजवा डावीकडे. मग ड्रायव्हरच्या सीटवर बसून त्यांचंच एक गाणं लावलं आणि पूर्ण ऐकलं. माझ्या कानाला तर दोन्ही बाजू छान वाजत होत्या.

कुठे तरी पाणी मुरतंय, हे तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं. व्हायोलिनवाले बोनेटपाशी उभे होते. आत्या गाडीला वळसा घालून त्यांच्या डाव्या खांद्यामागे गेली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, “साहेब, चहा घेणार का?”

ते समोर बघत राहिले. तिनं पुन्हा विचारलं. टायरवाल्यानंसुद्धा मान वर केली, पण यांना पत्ता नाही. आत्या मग त्यांच्या समोर येऊन उभी राहिली.

“गाडीत काही बिघाड नाही, साहेब.”

भरचौकात कुणी तरी नावानिशी चूक सांगावी तसे ते कानकोंडे झाले. माझं डब्यातलं जेवण तसंच राहिलं. बोनेटवर हात टेकून ते म्हणाले, “मला माहीत आहे. सहा वर्षं झाली.”

मग त्यांनी सांगितलं ते थोडक्यात असं. एका सकाळी ते उठले तर डावा कान गेलेला होता. दुखणं नाही, खुपणं नाही. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी. महिनाभर औषधं झाली, उपयोग शून्य. व्हायोलिन डाव्या खांद्यावर धरतात, त्याचा आवाज आधी डाव्या कानात जातो. त्यात वाद्यवृंदात त्यांच्या जागेवरून सगळी मंडळी डाव्या हाताला. शेजारीच चेलो, व्हायोलिनच्याच जातीचं, पण मोठं आणि खालच्या सुराचं वाद्य. सव्वीस वर्षं त्या चेलोच्या घुमण्यावर पाय ठेवून ते वाजवत आले होते, आणि एका रात्रीत तिथे भिंत उभी राहिली. कुणाला न सांगता त्यांनी राजीनामा दिला. मंडळींना वाटलं, कशाचा तरी राग आला. बायकोलासुद्धा त्यांनी कान जरा कमी झालाय, इतकंच सांगितलं होतं. उरलं होतं ते गाडीतलं ऐकणं. गाडीतही उजव्या हाताला फक्त खिडकी आणि अख्खी गाडी डावीकडे.

“मग तीन-तीन दुकानं कशाला केलीत?” आत्यानं विचारलं.

“प्रत्येक वेळी वाटायचं, या खेपेला खरंच स्पीकरचा दोष निघेल.”

आत्यानं गाडी आठवडाभर ठेवून घेतली. मला वाटलं, दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र करून उजव्या दारात सोडेल आणि मोकळी होईल. मी तसं म्हटलंही. ती म्हणाली की ते तासाभराचं काम आहे, पण मग सगळी वाद्यं एकावर एक रचलेल्या खुर्च्यांसारखी ऐकू येतील, आणि सव्वीस वर्षं मंडळींत बसलेल्या माणसाला तसलं कसं द्यायचं.

दुसऱ्या दिवशी मी गेले तर तिनं डाव्या कानात मेण घालून वर कापूस कोंबला होता. त्यावरून रुमाल. मी हसले. ती हसली नाही. गाडी ज्याच्यासाठी करायची त्याच्या डोक्यात जाऊन बसल्याशिवाय कळणार कसं, म्हणाली. झोपताना काढायची, उठल्यावर परत घालायची. सहा दिवस.

त्या सहा दिवसांत मी माझ्या आत्याला पहिल्यांदा घाबरलेली पाहिलं. फोन वाजला की तो कुठल्या फळीवर आहे ते तिला कळेना. नुसता आवाज यायचा, दिशा नसायची. रस्ता ओलांडताना डावीकडून सायकलवाला आला, घंटी वाजवत आला, आणि आत्या उजवीकडे बघत होती. सीट कव्हरवाल्यानं दंडाला धरून ओढली म्हणून निभावलं. माणसं डावीकडून बोलायची आणि उत्तर मिळालं नाही की शिष्ट समजायची. टायरवाल्याला मात्र चेष्टा सुचत होती. भोंगेवाली एका कानानं ऐकते खरी, पण आता दुसऱ्या कानानं सोडून देता येत नाही, सगळं आतच साठतंय, असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा.

चौथ्या दिवशी मी डबा उघडत होते तेव्हा आत्या गाडीत डोळे मिटून बसली होती. शेजारी टायरवाल्याचा कॉम्प्रेसर सुरू झाला. जमिनीतून बारीक थरथर आली, माझ्या स्टुलापर्यंत. आत्यानं डोळे उघडले. ती उतरली, कॉम्प्रेसरकडे डावी बाजू करून उभी राहिली, मग वळून उजवी केली, मग चप्पल काढून अनवाणी उभी राहिली. टायरवाल्याला तिनं तो तीनदा बंद-चालू करायला लावला. तो कुरकुरला, पण केलं त्यानं.

“कान गेलाय,” ती मला म्हणाली, “डावी बाजू कुठे गेलीय? मांडी आहे, कंबर आहे, खांदा आहे.”

मग तिचे हात चालू लागले. दोन्ही बाजूंचं गाणं तिनं उजवीकडेच आणलं, पण एकत्र कालवलं नाही. उजवीकडच्या वाद्यांसाठी दारातला स्पीकर ठेवला, आणि डावीकडच्या वाद्यांसाठी समोरच्या काचेलगतच्या उजव्या खांबावर एक छोटा बसवला, म्हणजे चांगल्या कानाला एक जवळून, एक लांबून. दोन्हींचं अंतर टेपनं मोजलं, त्यांची तोंडं वळवली, पुन्हा मोजलं. नंतर ड्रायव्हरच्या सीटखाली, डाव्या अंगाला, खालचे स्वर वाजवणारा एक चपटा स्पीकर नटबोल्टनं आवळला आणि सीटच्या उजव्या पायाखाली रबर घातलं, म्हणजे थरथर डाव्या मांडीतच यावी, इकडे पसरू नये. सगळी मिळून दोन दिवसांची मेहनत. मापाचा आकडा खडूनं जमिनीवर लिहायची, पुसायची, परत लिहायची.

व्हायोलिनवाले ठरल्या दिवशी आले. आत्यानं कापूस काढला नव्हता. त्यांचं लक्ष तिच्या रुमालाकडे गेलं, आधी त्यांना वाटलं तिला लागलंय. मग मी सांगितलं. किती दिवस, असं त्यांनी विचारलं. सहा, ती म्हणाली, आणि लगेच त्यांना गाडीत बसवून दार लावलं.

बाहेर आम्हाला गाणं पुसट ऐकू येत होतं. काचेतून त्यांचा चेहरा दिसत होता. सुरुवातीला ते परीक्षेला बसल्यासारखे ताठ होते. मग डोकं हळूच उजवीकडे कललं. पुढे कुठे तरी मोठी, खालची वाद्यं सुरू झाली असणार, कारण त्यांनी एकदम डावीकडे वळून शेजारच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं. नीट पाहिलं, जसं कुणी येऊन बसल्यावर आपण पाहतो. डावा हात मांडीवर गेला आणि तिथेच राहिला. त्या हाताची बोटं हलू लागली, एकेक, जागा बदलत. मी आत्याला विचारलं, ते काय करताहेत. ती म्हणाली, “वाजवताहेत.”

टायरवाला हातातलं चाक टेकवून उभा होता. त्यानं चेष्टा केली नाही. सीट कव्हरवाल्याचं मशीनही थांबलं होतं. भर दुपारी, हॉर्नच्या गोंगाटात, आम्ही चार माणसं एका बंद गाडीकडे बघत उभे होतो. आपल्या रोजच्या पाहण्यातली बाई, डब्यातली भाजी तिखट झाली म्हणून कुरकुरणारी, हिनं हे केलं?

पाऊण तासानं ते उतरले. डोळे लाल होते, पण आवाज साफ होता.

“तो बसलाय तिथे,” ते म्हणाले. “चेलो. मला ऐकू येत नाही, पण तो बसलाय.”

आत्यानं तेव्हा कानातला कापूस काढला. मेण काढायला तिला बराच वेळ लागला. ती म्हणाली, “साहेब, एक सांगू? मंडळींना सांगून टाका. मला सांगून काही आभाळ कोसळलं नाही.”

गाडी नेताना त्यांनी खिडकी खाली करून तिला नमस्कार केला.

त्यांनी सांगितलं, हे आम्हाला चार महिन्यांनी कळलं. एका शाळेच्या सभागृहात त्यांच्या जुन्या मंडळींचा छोटा कार्यक्रम होता, त्याचं बोलावणं घेऊन ते बायकोबरोबर गाळ्यावर आले. बायकोनं आत्याचे दोन्ही हात धरले आणि सोडलेच नाहीत. या माणसानं सहा वर्षं माझ्या डाव्या बाजूला बसायचा हट्ट का धरला, ते मला आत्ता कळलं, असं ती म्हणाली.

कार्यक्रमाला आम्ही दोघी गेलो. लाकडी खुर्च्या, मागे फळा, स्टेजवर पाच माणसं. व्हायोलिनवाले नेहमीच्या जागी नव्हते. त्यांची खुर्ची पार उलट्या टोकाला मांडली होती, म्हणजे चारही जणं त्यांच्या उजव्या हाताला. अशा बसण्यानं व्हायोलिनचं तोंड लोकांकडून फिरतं, आवाज मागे जातो, असं पुढच्या रांगेतला एक जाणकार शेजाऱ्याला समजावत होता. चेलोवाले, एक जाडजूड म्हातारे गृहस्थ, यांच्या अगदी जवळ सरकून बसले होते. वाजवायला सुरुवात करण्याआधी त्यांनी आपलं वाद्य थोडं आणखी पुढे सरकवलं, जवळजवळ यांच्या गुडघ्याला लागेल इतकं. व्हायोलिनवाल्यांनी मान डोलावली आणि हनुवटी टेकवली.

पुढचं मला सांगता येत नाही, मला त्यातलं कळत नाही. मी आत्याकडे बघत होते. तिनं चपला काढून पाय फरशीवर सपाट टेकवले होते. दोन्ही कान शाबूत असलेली ती बाई तळव्यांनी ऐकत होती, आणि मधूनच तिच्या भुवया वर जात होत्या, कुणी तरी तिला अजून ठाऊक नसलेलं काही सांगत असल्यासारख्या.