बायकोच्या मागून चालणारा

आमच्या तालुक्यात बोटीवर जाऊन आलेले पुष्कळ आहेत, भांडखोर पुष्कळ आहेत, बायकोला भिणारे तर घरटी एक आहे; पण बायकोच्या मागून चालणारा नवरा आख्ख्या सिंधुदुर्गात एकच, आणि तो माझ्या गडग्यापलीकडे राहतो. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. लिहिण्यात चुका निघतील, पण या बाबतीत माझी चूक काढणारा अजून जन्माला यायचा आहे, कारण त्याच्या माझ्यामध्ये कंबरभर चिऱ्यांचा गडगा सोडला तर काहीच नाही. तिकडे फोडणी पडली की इकडे मला शिंक येते.

आमच्याकडे पुरुष पुढे चालतो आणि बायको पिशवी घेऊन मागून. हा उलटा. ती पुढे, हा मागे. ती विहिरीवर गेली की हा विहिरीच्या काठावर उभा. ती बाजाराला निघाली की हा चपला शोधायला धावतो. ती गवत कापायला बसली की हा शेताच्या मेरेवर, बांधावर बसून "थंय काटो आसा, डावीकडे बघ" म्हणून सूचना देतो, जशी काही ती बोट आहे आणि हा बंदरात घेणारा. एकदा वाडीत हळदीकुंकवाला बायका जमल्या, तर हा त्या घरच्या पडवीत जाऊन बसला. यजमानीणबाई हुशार. तिने याच्या हातावर तिळाचा लाडू ठेवला आणि म्हणाली, "घेवा, तुमीय सवाशीणच!" आतून बायका खो खो हसल्या. दुसरा कोणी असता तर उठून गेला असता. याने लाडू खाल्ला आणि आणखी एक मागितला, तिच्यासाठी.

जन्मभर हा मालवाहू बोटीवर आचारी होता. लग्न झालं आणि हळद उतरायच्या आत बोटीवर गेला. मग वर्षा-दीड वर्षाने गणपतीला यायचा, साबण आणि सेंटच्या बाटल्या वाटायचा, आणि विसर्जन झालं की पुन्हा ट्रंक उचलायचा. मुलगी झाली तेव्हा हा कुठल्या तरी समुद्रात कांदे चिरत होता. मुलीने पहिल्यांदा बघितलं तेव्हा याला 'काका' म्हणाली. या सगळ्या वर्षांत वयनीने, म्हणजे त्याच्या बायकोने, घर शाकारलं, भात लावलं, मुलगी शिकवली, सासऱ्याचं शेवटचं सगळं केलं. मी गडग्याच्या अलीकडून बघत होतो. माझ्याकडून तिने कधी नारळाच्या झावळीचीसुद्धा मदत मागितली नाही, आणि मी मागितल्याशिवाय द्यायला जाणारा नव्हे.

मग बोटीची नोकरी सुटली आणि हा घरी आला तो असा आला. स्वयंपाकघरात त्याला बंदी, कारण त्याला दोघांची कढी करता येत नाही. पातेलं हातात पडलं की वीस खलाशांची करतो. म्हणून तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसायचा, दाराच्या चौकटीला पाठ लावून. तिथून चालू व्हायचं. "गो, कांदो करपता." ती म्हणायची, "करपांदे. इतकी वर्सा कोण सांगूक होता?" दुसऱ्या दिवशी पुन्हा कांदा, पुन्हा तेच. रोज सकाळी हे ऐकल्याशिवाय मला चहा जात नसे.

एकदा मी गडग्यावरून विचारलं, "काय रे, दोरयेन बांदल्यान काय तुका?"

मला वाटलं भांडायला येईल. तो म्हणाला, "बांदल्यान आसता तर बरा झाला आसता. दर्यार गेलंयच नसतंय."

आता अशा या माणसाला कॅनडातल्या साहेबाने विचारलं, की तू बायकोबरोबर राहतोस याला पुरावा काय!

झालं असं. मुलगी लग्न होऊन कॅनडाला गेली. तिला तिकडे मुलगा झाला. वयनीने नातवाला फोनच्या काचेतच बघितलेला. तो पडद्यावर आला की ती पदराने काच पुसायची, जसं काही त्याचंच तोंड पुसते आहे. मुलीने आई-वडिलांना कायमचं बोलावून घ्यायचा अर्ज केला. याला जायचं नव्हतं. पण वयनीला नातवाला मांडीवर घ्यायचं होतं, आणि ती पुढे निघाल्यावर हा मागे राहतोय कसला! तिकडून कागद आला: लग्नाची नोंद नाही, तेव्हा नवरा-बायको म्हणून एकत्र राहत असल्याचे पुरावे द्या.

मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, सोपं आहे. दोघांचे फोटो आणि रेशनकार्ड पाठवा."

फोटो शोधला तर लग्नातला एकच. फोटोवाला अंतरपाट धरलेला असतानाच आला होता आणि अंतरपाट निघायच्या आत दुसऱ्या लग्नाला पळाला होता. फोटोत एका बाजूला मुंडावळ्या बांधलेली वयनी, मधे मोठं पांढरं धोतर, आणि धोतराच्या पलीकडे याची नुसती कोपरं. त्यानंतरच्या फोटोंत तिच्याबरोबर मुलगी आहे, सासरा आहे, एकात तर मीही आहे, हा नाही. हा बोटीवर.

रेशनकार्डाचं तर विचारूच नका. पूर्वी रॉकेल कार्डावर मिळायचं. याचा भाऊ तेव्हा याच घरात राहायचा. याने रजेवर असताना डोकं चालवलं आणि एका घराची दोन कार्डं केली: एकावर भाऊ आणि हा, दुसऱ्यावर वयनी आणि मुलगी. रॉकेल दोनदा येऊ लागलं आणि हा हुशार ठरला. पुढे भावाने लांब इन्सुली गावाला घर बांधलं आणि कार्ड तिकडे नेलं. त्याच्याबरोबर याचं नावही गेलं. म्हणजे सरकारदरबारी हा माणूस कधीपासून इन्सुलीला भावाकडे राहतो, आणि माझ्या गडग्यापलीकडे राहते ती एकटी बाई.

वयनी कपाळाला हात लावून म्हणाली, "घेवा, आता तुमच्या रॉकेलान दिवो लावा!"

मग शेजाऱ्याची साक्ष हवी म्हणून मला कणकवलीला नेलं. वकील कोवळा होता. शाईचं पॅड पुढे करून म्हणाला, "आजोबा, अंगठा." मी पेन मागून घेतलं. मला सही येते. जरा वेळ लागतो इतकंच. तो म्हणाला, "हे दोघे एकत्र राहतात, हे तुम्हाला कसं माहीत?"

मी म्हटलं, "रोज सकाळी भांडतात. वेगळा राहणारा माणूस इन्सुलीहून एसटीने भांडायला येईल काय?"

त्याने लिहिलं, 'प्रत्यक्ष पाहिले आहे.' मी म्हटलं, नुसतं पाहिलं नाही, ऐकलंही आहे, ते लिहा. तो म्हणाला, गरज नाही. मी पेन खाली ठेवलं. शेवटी त्याने 'व ऐकले आहे' असं वाढवलं, तेव्हा मी सही केली.

याला मात्र एवढ्याने चैन पडेना. कागदावर याचा विश्वास नाही. कागदानेच तर त्याला इन्सुलीला नेऊन ठेवलं होतं. त्याने देवळात गाऱ्हाणं घालायचं ठरवलं. आमच्याकडे अडलं नडलं की देवाला गाऱ्हाणं घालतात. एकाने सांगायचं आणि जमलेल्या सगळ्यांनी होकार द्यायचा. मानकरी गावकाराने नारळ हातात घेतला आणि आवाज लावला, "बा देवा म्हाराजा! आज ह्या तुजा लेकरू तुज्या पायाकडे इला हा. ही नवरा-बायल एकाच चुलीर जेवतत, एकाच छपराखाली निजतत, ता सगळ्या वाडीक म्हायत आसा. त्येंचो कागद पार कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळी वाडी ओरडली. मीही ओरडलो. याने ते सगळं फोनमध्ये धरून मुलीला पाठवलं आणि वर सांगितलं, "तुज्या सायबाक ऐकव. आख्खो गाव सांगता." मुलगी हसली आणि मग रडायला लागली. म्हणाली, "बाबा, हे इकडे चालत नाही." हा दिवसभर फुगून बसला. देवासमोर गाव खोटं बोलत नाही, यावर आणखी कसला शिक्का हवा, हे त्याला समजेना. खरं सांगायचं तर मलाही समजलेलं नाही.

मग मुलाखत ठरली. कणकवलीच्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात पडद्यावर साहेब येणार, आणि त्याचं बोलणं मराठीत सांगायला एक बाई. आधी वयनीला आत बसवलं, मग याला. मी बाहेर बाकावर; मधे प्लायवूडची भिंत, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं.

वयनीला विचारलं, "तुम्ही दोघं कधीपासून एकत्र राहता?"

"लग्न झाल्यापासून," ती म्हणाली. "एक दिवससुद्धा वेगळं नाही."

मग हा गेला. तोच प्रश्न. आत खुर्ची पुढे सरकल्याचा आवाज आला. मग कचेरीतल्या मराठीत, एकेक शब्द जपून ठेवावा तसा हा म्हणाला, "बोट सोडली तेव्हापासून आम्ही एकत्र राहतो. त्याच्या आधी ती राहत होती. मी येत होतो."

बाई गोंधळली. "पण तुमच्या पत्नी म्हणाल्या, लग्नापासून एकत्र."

"ती चांगली आहे, म्हणून तसं म्हणते," हा म्हणाला. "सगळं तिने एकटीने केलं. ते तसंच लिहा. माझं नाव त्यात घालू नका."

माझ्या शेजारी वयनी बसली होती. तिने पदर तोंडाला लावला. इतकी वर्षं मी त्या बाईला कोयत्याने बोट कापलं तरी रडताना बघितलं नव्हतं.

बाहेर आल्यावर मीच त्याच्या अंगावर गेलो. "अक्कल आसा काय रे तुका? तिचा एक, तुजा एक. आता सायब काय समजतलो?"

तो खाली मान घालून उभा. वयनी त्याला म्हणाली, "मी खोटा खंय बोललंय? तुमी नसलास तरी घरात तुमीच होतास." आणि एसटी स्टँडकडे चालू लागली. हा मागून.

व्हायचं तेच झालं. दोघांची उत्तरं जुळत नाहीत, तेव्हा बोटीवरच्या वर्षांचे आणखी पुरावे द्या, असा कागद आला. मग याच्या फेऱ्या सुरू झाल्या. बोटीच्या नोकरीचा दाखला, इन्सुलीच्या कार्डातून नाव काढल्याचा दाखला, ग्रामपंचायतीचा दाखला. प्रत्येक फेरीला ती बरोबर. दोघं मेरेवरून रस्त्याकडे जायची, ती पुढे, हा मागे. मधे एक वाकडा माड आहे. तिथे ती थांबायची आणि पिशवी या हातातून त्या हातात घ्यायची. हा मागून म्हणायचा, "चल गो." ती म्हणायची, "जरा दम घेवक देशात?" पिशवी मात्र त्याला कधी दिली नाही.

भात कापणीचे दिवस होते. तिच्या अंगात दोन दिवस कणकण होती. शेवटचा दाखला आणायचा होता, आणि हा म्हणत होता, उद्या दोघं जाऊ. मी गडग्याशी केळीचं पान कापत होतो. ती त्याला सांगत होती, "आज एकटेच जावन येवा. मी खंय पळान जातंय काय?" तो निघाला. फाटकापर्यंत जाऊन परत आला, कांदा न करपवायचं सांगितलं, आणि गेला.

दुपारी मला तिकडून काही आवाज येईना. ना भांड्याचा, ना रहाटाचा. मी पहिल्यांदाच गडगा ओलांडून गेलो. वयनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली होती, त्याच्या जागी, चौकटीला पाठ लावून. चुलीवर भात शिजून गार झाला होता. मी दोनदा हाक मारली.

आपण एकत्र राहतो याचा दाखला आणायला तो कणकवलीला गेला होता. दाखला खिशात घेऊन दिवेलागणीला आला. फाटकाशी माणसं बघितली आणि तिथेच उभा राहिला. मला म्हणाला, "मी हिका एकटीक सोडून गेलंय. परत एकदा गेलंय." मी फाटक उघडून धरलं.

मंजुरी तिचं बारावं झाल्यावर आली. मुलीने फोनवर रडत वाचून दाखवलं: लग्नापासूनचं सहजीवन मान्य. माझी साक्षही धरली होती म्हणे, ऐकले आहे त्यासकट. तो फोन ठेवून गडग्याशी आला आणि म्हणाला, "मानल्यानी रे. तिचाच खरा धरल्यानी." मुलगी अजून बोलावते. तो म्हणतो, येतो, येतो. आणि जात नाही. स्वयंपाकघरात आता त्याला बंदी नाही, पण तो चुलीवर कांदा टाकून उंबऱ्यावरच बसतो. सकाळी तिकडे कांदा करपतो. कोणी काही बोलत नाही. माझा चहा निवून जातो.

परवा आम्ही दोघं बाजाराला निघालो. मी आयुष्यात कुणाच्या मागून चाललेलो नाही, पण मेर अरुंद आणि तो आधी निघालेला, म्हणून त्याच्या मागे राहिलो. वाकड्या माडाशी तो थांबला. हातात पिशवी होती, ती त्याने हलवलीसुद्धा नाही. मला घाई होती. पुढे जा म्हणून त्याला सांगणार होतो, बाजूने पाय टाकून पुढेही गेलो असतो. पण मी उभा राहिलो. तो पुढे वाटेकडे बघत होता. मग हळू आवाजात, मला नव्हे, म्हणाला, "चल गो."

आणि जरा थांबून, कुणाला दम घेऊ द्यावा तसं, तो चालू लागला.